खासदारांना हळदीकुंकू

ट्रॉय, मिशिगन
१९ फेब्रुवारी

प्रिय दीपाताई,

तुला, भावजींना आणि आईला नमस्कार. भावजींचा गुडघा कसा आहे? जिना चढू नका म्हणावं. ऐकायचे नाहीत, तरी म्हणावं. इथे इतका बर्फ पडलाय की यतीन रोज सकाळी फावडं घेऊन गाडीपुरती वाट काढतो आणि मग दिवसभर कंबर धरून हिंडतो.

आधी गंमत सांगते. तुझ्या धाकट्या बहिणीच्या दारात पोलीस आले होते! घाबरू नकोस, पत्र घरातूनच लिहितेय.

संक्रांतीचं हळदीकुंकू केलं. दरवर्षी वाण म्हणून डबे देते, यंदा कागद आणि पेन दिलं. इथल्या बातम्या तू पाहतेसच. समोरच्या देशाने अजून काही केलेलं नाही, पण करेल, म्हणून आपणच आधी हल्ला करायचा, असा सरकारचा बेत होता. युद्ध करायचं तर इथल्या संसदेची परवानगी लागते. ती कुणी मागितलीच नव्हती. परवानगीशिवाय हल्ला करू नये असा ठराव मतदानाला येणार होता आणि आमच्या खासदारांचं तळ्यात-मळ्यात चाललं होतं.

तर मी बायकांना म्हटलं, तिळगूळ घ्या आणि त्यांना चार ओळी लिहा. मग शेजारची स्वानंदी म्हणाली, "माझा व्हिसा आहे यार, मी नाही बाई कशात पडणार." मी म्हटलं, तू नको लिहूस, पण ज्यांना मत आहे त्यांनी लिहायला काय हरकत आहे? पहिलं पेन उचललं सीमाकाकूंनी. त्या सांगलीच्या, मुलाकडे राहतात, मागच्याच वर्षी नागरिक झाल्या. त्यांनी आधी खासदारांच्या बायकोमुलांची खुशाली विचारली आणि मग युद्धाकडे वळल्या! त्यांचं बघून बाकीच्यांनीही लिहिलं. शेवटी काकूंनी प्रत्येक पत्राच्या चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं. "चांगल्या कामाचं पत्र कोरडं कसं पाठवायचं गं?"

आणि ताई, मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही! सगळी पत्रं एका मोठ्या पाकिटात घातली, मागे आमचा पत्ता लिहिला आणि टाकली पोस्टात.

इथे पाकिटातून पूड निघाली की आधी विषाचाच संशय येतो. खासदारांच्या ऑफिसात पाकीट फोडलं, टेबलावर लाल-पिवळी पूड सांडली आणि सगळी माणसं कोट न घालता बर्फात पळाली. दुपारी दोन पोलीस आमच्या दारात. मी देवापुढचा करंडा आणून त्यांच्यासमोर स्वतःच्याच कपाळाला लावून दाखवलं. एकाला हसू आवरेना, पण थोडं तपासायला नेलंच. ते गेल्यावर यतीन ओरडला, "तुला कुणी सांगितलं होतं नसत्या भानगडीत पडायला?" मीही ओरडले. काय ओरडले ते लिहितेच.

दुसऱ्या दिवशी स्वतः खासदारांचा फोन. मी शंभरदा माफी मागितली. ते म्हणाले, तपासणीसाठी प्रत्येक पत्र उघडावं लागलं, मग म्हटलं वाचूनच टाकावीत. आणि विचारलं, तुम्ही एवढं मनावर का घेतलंत?

ताई, तू फोनवर अनया कशी आहे विचारायचीस आणि मी तुला बर्फाचं सांगत बसायची. तुझी भाची नौदलात, आणि तिचं जहाज त्याच देशासमोरच्या समुद्रात होतं. आपण हल्ला केला असता तर त्याचं उत्तर आधी त्या जहाजांवरच आलं असतं. तुला सांगायला जीभ रेटत नव्हती. बोलले तर खरं होईल असं वाटायचं. यतीनवर ओरडले ते हेच. बापच तो, स्वयंपाकघरात खालीच बसला आणि लहान पोरासारखा रडला.

खासदारांना म्हटलं, माझी मुलगी तिथे आहे आणि त्या किनाऱ्यावरही आयांच्या मुली आहेतच. युद्धात ढकलायचंच असेल तर सगळ्यांसमोर, आपापल्या नावाने मत देऊन ढकला. असं परस्पर नको. ते म्हणाले, "आय हिअर यू." इथे नाही म्हणायच्या आधीही असंच म्हणतात, त्यामुळे मला काही धीर आला नाही.

पण त्यांनी ठरावाच्या बाजूने मत दिलं! आमच्याच पत्रांनी झालं असं नाही. निवृत्त सैनिक, चर्चची मंडळी, कॉलेजची मुलं, सगळ्यांनी फोन करकरून त्यांना भंडावून सोडलं होतं. ठराव पास झाला, सरकारने बेत सोडला आणि काल जहाजं माघारी वळली. इतकं हलकं मला किती दिवसांत वाटलं नव्हतं गं.

संध्याकाळी अनयाचा फोन आला. "आई, सीरियसली? यू गॉट द होल ऑफिस इव्हॅक्युएटेड?" खूप हसली. मग एकदम म्हणाली, "बट यू नेव्हर आस्क्ड मी नॉट टू गो."

"म्हटलं असतं तर थांबली असतीस?"

"नो."

"म्हणून तुला नाही, त्यांना म्हटलं."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज तेवढा आला.

आईला हे सगळं तूच सांग. फक्त माझ्यासारखं गुडघा आणि बर्फापासून सुरू करू नकोस. पोरगी सुखरूप आहे, हे आधी सांग.

तुझी,
उल्का