दुधाच्या पिशवीतला सेल

८ ऑगस्ट ९४, सोम. रहिमतपूर
सुजीला वर्गात पुन्हा ऐकू येईना. वाकून लिहायला लागली की छातीवरच्या श्रवणयंत्रातला पेन्सिल सेल सैल होतो, आवाज बंद. हेडमास्तर म्हणाले, "सहामाहीपर्यंत बघू. मग सांगलीला बहिऱ्या मुलांच्या वसतिगृहात घाला." नऊ वर्षांची पोर. नाही घालणार.

११ ऑ.
गिऱ्हाइकांचे दुरुस्तीला आलेले रेडिओ तसेच पडून. कंबरेला गुंडाळता येईल असा पट्ट्यासारखा सेल करतोय. जुन्या सेलांचं जस्त, आतली काळी पूड, कल्हईवाल्याकडचा नवसागर, मलमलीचं फडकं. सगळं दुधाच्या पिशव्यांत, कडा इस्त्रीने चिकटवल्या. वाकवला तरी दीड व्होल्ट!
सौ. : "आवं, त्या पिशव्या इकायला ठिवल्या हुत्या मी."

२० ऑ.
पट्टा सुजीच्या कंबरेला बांधून, वायर यंत्राला जोडून आठवडा झाला, आवाज एकदाही गेला नाही. सुजी : "आप्पा, बाई पाठमोऱ्या बोलल्या तरी कळलं." दुकानात येईल त्याला पट्ट्याचं सांगत सुटलोय.

३ सप्टें.
पोर परकर धरून चालते. आईला आंघोळ घालू देत नाही. मोठी झाली म्हणून चेष्टा केली.

७ सप्टें.
सुजीला ताप. सौ.ने परकर सोडला. कंबर सोलून निघालेली, पू. वाकून वाकून पिशवीची कड सुटली होती. नवसागर घामात झिरपत होता, कधीपासून कोण जाणे.
सौ. : "सांगितलं का न्हाईस गं?"
सुजी, माझ्याकडे बघून : "तुमी काढून घेतला असता."
काढून घेतलाच. रागाच्या भरात तिच्यादेखत कातरीने तुकडे केले. राग कुणाचा, तर माझाच.

८ सप्टें. सातारा, दवाखाना
डॉक्टरांनी सहज विचारलं, सेल सैल होत होता तर यंत्राच्या डबीतच रबराचा तुकडा का नाही लावला? रबराने भागलं असतं, पहिल्या दिवशीच माहीत होतं. मला काहीतरी करून दाखवायचं होतं. सौ.ला सांगायचं धैर्य नाही.

२१ सप्टें.
जखम सुकतेय. सुजी माझ्याशी बोलत नाही. यंत्राला रबर लावलं, आधी स्वतःच्या कानाला लावून पाहिलं, आवाज चोख. तिला कसंबसं लावलं. मागे उभं राहून हाक मारली. सुजे. तीनदा.
सौ. दारातून म्हणाली, "जरा मोठ्यानं मारा."
मारली. पोर वहीतून मान वर करेना. ऐकू आलं नाही, की मला ओ द्यायची नाही? सहामाही आली, उद्या हेडमास्तरांना वसतिगृहाचं काय ते सांगायचंय.