टाकीतलं बोअरचं पाणी

मंगळवार, रात्र

गॅलरीत मातीविना, नळ्यांत लावलेला पालक बोअरच्या खाऱ्या पाण्यानं मेला. बायकोनं, सरितानं, नळ्यांत पाणी फिरवणाऱ्या पंपावरचा पांढरा थर खरवडून दाखवला. नळाला पाणी नसलं की बोअरचं पाणी नळ्यांच्या टाकीत मीच ओतायचो. तेच फिरून फिरून क्षार साचले. आणि परवा पाहुण्यांसमोर आईवर ओरडलो, तांदळाचं धुवण टाकीत ओतून पालक मारलास म्हणून!

"ते तुळशीला घालते रं. तुज्या नळ्यांना हात न्हाय लावला," एवढंच म्हणाली ती.

आज सरिता म्हणाली, "बातमीदार ना तुम्ही? घरात दुसरी बाजू ऐकत नाही का?"

तो पांढरा थर मग मीही खरवडून पाहिला; अजून नखांत आहे. जेवताना माफी मागायची होती... जमलंच नाही. आई पिशवी भरतेय. उद्या पहिल्या एसटीनं अक्कलकोटला, ताईकडे निघेल.