देव नसलेली चिंच

माय, तू गेल्यावरही चिंच उभी आहे. आधी हे सांगते, मग बाकीचं. परवा गावात गेले तर तिच्या बुंध्याला पोरांनी तारेनं एक हिरवी पाटी बांधलेली. खिळा ठोकला नाही, पोरं शहाणी निघाली. पाटीवर लिहिलंय, हा आमच्या गावाचा वारसा वृक्ष, ग्रामसभेनं निवडलेला. वाचलं आणि भर रस्त्यात मी मोठ्यानं हसत सुटले. "काहून हसून राहिल्या बाई?" पोरं विचारतात. आता काय सांगू त्यांना? त्यांना वाटतं ही निवड यंदा झाली. अगं, ती तू तेव्हाच करून ठेवलीस, चावडीपुढं, कमरेला पदर खोचून.

मोठ्या दुष्काळानंतरचे ते दिवस. आखाडा बाळापूरकडं जाणारा रस्ता रुंद व्हायचा होता आणि कडेच्या झाडांवर तोडीसाठी चुन्याच्या फुल्या पडल्या होत्या. आपल्या चिंचेवरही. रस्त्याचे साहेब माणूस बरा. ते सरपंचांना म्हणाले, सगळ्या गावानं मिळून एक झाड सांगा, त्याला वळसा घालून रस्ता नेतो. पण एकच. झालं, गाव चावडीपुढं जमलं आणि सगळ्यांच्या तोंडी एकच नाव, देवळापुढचा पिंपळ. आता गंमत बघ, त्या पिंपळावर फुली मारायलासुद्धा मजूर धजला नव्हता. चुन्याची बादली घेऊन गेला तसाच हात जोडून परत आला होता. ज्याला कुऱ्हाड लावायला तालुक्यात माणूस मिळाला नसता, त्यालाच वाचवायला अख्खं गाव निघालं होतं!

सरपंच म्हणतात, "मंग पिंपळच ना?" आणि तू उठतेस. मी शेजारीच बसलेली, नुकतीच मास्तरीण होऊन आलेली, घाबरट. तुझं लुगडं ओढते, "माय, बस ना." तू खाली न बघताच मला झापतेस, "शिकली कशाला मंग? गप बसायला?" तो शब्द मला वर्गात, बदलीच्या हापिसात, नवऱ्याच्या घरी, सगळीकडं पुरला.

"पिंपळाला कोण तोडून राहिलंय?" तू म्हणालीस. "त्याच्या मागं देव हाय. चिंचेच्या मागं कोण हाय?"

मागून कुणीतरी खुसखुसलं, "चिंचेवर भुतं ऱ्हातात, बाई!"

"ऱ्हातात ना! दुष्काळात आमी खडी फोडत व्हतो तवा आमच्या लेकरांच्या झोळ्या त्याच भुतांनी हलवल्या. तुमच्या पारावर टेकू दिलं व्हतं का कुणी?"

खोटं कुठं होतं त्यात? पिंपळाच्या पारावर बसायची आपल्या वस्तीला चोरी, त्यांना विटाळ व्हायचा. रणरणत्या उन्हात दमून आलेल्या आपल्या बायांनी पाठ टेकली ती चिंचेला, बागवान चाचांनी पेरूच्या पाट्या उतरवल्या त्या चिंचेखाली, धाकट्यानं पहिलं पाऊल टाकलं तेही तिथंच. ती गेली असती तर आपल्याला गावात हक्कानं बसायला जागाच उरली नसती.

मग एका म्हाताऱ्यानं तोड काढली, आणि चांगल्या मनानं काढली. "तकलीफ कशाला घेता? बुंध्याला शेंदूर फासा, एक दगड मांडा. कोण हात लावतो बघू." सगळ्यांना पटलंसुद्धा. मलाही पटलं होतं. फुकटात दोन्ही झाडं वाचत होती! पण तू मान हलवलीस. "न्हाई. आमी धम्म घेऊन देव सोडले ते झाडाला चिटकवायला न्हाई. सावली देतं म्हणून ठेवा. झाड हाय म्हणून ठेवा. न्हाई तर तोडा."

"न्हाई तर तोडा" म्हणताना तुझा आवाज फाटला. हातातोंडाशी आलेली चिंच तू घालवून बसलीस, असंच वाटलं मला. तेवढ्यात बागवान चाचा उठले. "बराबर बोली बाई. अपना हात चिंचेला." आणि त्यांच्यामागं, कुणाच्या स्वप्नातही नसेल असा माणूस उठला, देवळातला गुरव. म्हणाला, "पिंपळाचं मी अन् माझा देव बघून घेऊ. गावाचं नाव चिंचेला लावा." मग हात वर होत गेले, नाखुशीनं का होईना, पण होत गेले. सरपंच घसा खाकरून म्हणाले, "चिंच."

एकच शब्द, पण तू जिंकलीस ना माय! त्या संध्याकाळी तू चिंचेचं सार केलंस, असलं आंबट की आमचे सगळ्यांचे दात आंबले, आणि तू चुलीपुढं एकटीच हसत भाकरी थापत होतीस. पुढं रस्ता आला, चिंचेपाशी वाकला आणि गेला. ड्रायव्हर लोक अजून त्या वळणाला शिव्या घालतात. मला त्या शिव्या ओवीसारख्या गोड लागतात. पिंपळही आहे बरं का. गुरवाच्या देवानं शब्द पाळला.

पोरांना मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, पाटीवर तुमच्या आईचं नाव घालू. मी नको म्हटलं. उद्या त्याच नावापुढं कुणी नारळ फोडायला लागलं तर तू मला सोडायची नाहीस.

हे पत्र मी कुठं टाकणार नाही, चिंचेच्या ढोलीतही नाही. कारण एक गोष्ट तुला कळायला नको. परवा पोरं पांगल्यावर, इकडंतिकडं कुणी बघत नाही असं पाहून, मी चिंचेला हात जोडले.