पुन्हा पहिल्या मण्यापासून

पाचूबंदर, वसई

प्रिय मटिल्डा,

आता तू सिस्टर, डहाणूच्या वृद्धाश्रमाची मुख्य. मोठमोठी माणसं तुझ्यासमोर उठून उभी राहतात. पण पत्रात तरी मी तुला मटीच म्हणणार, धाकटी ती धाकटीच. आश्रमात एक खाट रिकामी झालीय, माझ्या सासूबाईंसाठी ठेवू का, महिनाअखेरपर्यंत कळव, असं तू विचारलंस. मी 'बघते' म्हणाले. फोनवर मी सगळ्यांना 'बरं आहे' आणि 'बघते' एवढंच म्हणते, म्हणून आज लिहायला बसले.

मॅग्डलीनबाईंची तब्येत ठणठणीत आहे, हेच तर दुखणं. गेलंय ते फक्त डोकं. सासरे वारून कितीतरी वर्षं झाली, तरी त्यांची होडी लागायची वेळ झाली म्हणून या टोपली उचलतात आणि धक्क्याकडे निघतात. एकदा तर कमरेएवढ्या पाण्यातून लोकांनी ओढून आणल्या. तेव्हापासून दाराला आतून कुलूप. किल्ली माझ्या गळ्यात, क्रुसाच्याच दोऱ्यात. नवरा म्हणावा, तर सेबेस्टियन बोटीवर. येतो, जेवतो, झोपतो, जातो. मासळीच्या लिलावात माझ्यासमोर बोली लावायला बायका बिचकायच्या, आठवतं ना? माझ्या जागेवर आता शेजारची प्रीतल बसते. खिडकीतून लिलावाचा गलका ऐकू येतो आणि मी तांदूळ निवडता निवडता मनातल्या मनात भाव फोडते. वेड लागायचं तेवढं बाकी आहे.

त्यात संध्याकाळची रोझरी. आपल्या घरची शिस्त होती तीच इथेही, रोझरी झाल्याशिवाय ताट वाढायचं नाही. माळ हातात घेऊन रोझरी आयुष्यभर सासूबाईंनीच सांगितली, आजही त्याच सांगतात. पोटच्या पोराचं नाव विसरतील, पण प्रार्थनेतला एक शब्द इकडचा तिकडे होत नाही. विसरतात ते फक्त आपण कुठवर आलो ते. पाच-सहा 'नमो मारिया' झाल्या की बोटं थांबतात, माझ्याकडे निरखून बघतात, "तू कोनाची गो?" म्हणून विचारतात, आणि पुन्हा पहिल्या मण्यापासून सुरुवात. भात गारढोण. एकदा मी चलाखी केली, मध्येच शेवटची प्रार्थना म्हणून मोकळी झाले. त्यांनी माळ माझ्या अंगावर भिरकावली. "देवाला फसवते, सटवी!" अशा ओरडल्या की प्रीतल धावत आली. आधी तीही रोज आमच्यात बसायची, आता दारातूनच हात जोडून सटकते. मी कुठे सटकू?

फादर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी घरी ख्रिस्तप्रसाद घेऊन येतात. चिकाटी सोडू नकोस, हा तुझा क्रूस आहे, म्हणतात. खोटं नाही ते. पण क्रूस घेतलेला माणूस निदान चालत कुठेतरी पोहोचतो, मी मोरीपासून खाटेपर्यंत. मग फादर स्कूटरला किक मारतात आणि मी कुलूप लावते. मटी, मला प्रार्थना होत नाही गं. तोंड म्हणत असतं, मी तिथे नसते. राग येतो. त्यांचा येतो, सेबेस्टियनचा येतो, देवाचाही येतो. परवा फादर गेल्यावर कुलपाकडे हात गेला आणि तसाच थांबला. राहू दे आज उघडं, असं मनात आलं. लावलं शेवटी. पण आलं होतं मनात, हे तुला सांगितलं नाही तर कोणाला सांगू?

मग पाठव की त्यांना, असं तू म्हणशील. सेबेस्टियनही तेच म्हणतो. मी त्यांचे कपडे बाहेर काढून ठेवलेसुद्धा होते. पण प्रत्येक वेळी नव्यानं सुरुवात करताना त्या कोणासाठी प्रार्थना करायची ते आधी सांगतात. बुडालेल्यांसाठी, समुद्रावर असलेल्यांसाठी, "आन या पोरीसाठी, जी मला पानी देते. नाव ठावं नाय, पन देवा, तुला ठावं हाय." एका संध्याकाळी कितीदा तरी. माझी प्रार्थना आटली आहे तेव्हा माझ्यासाठी एवढी प्रार्थना या जगात दुसरं कोणी करत नाही, मटी, तूसुद्धा नाही. त्यांना तिकडे पाठवून इकडे मी निवांत जेवेन, असं मला वाटत नाही.

म्हणून ती खाट ठेव, पण त्यांच्यासाठी नको, माझ्यासाठी. जूनमध्ये मासेमारी बंद होऊन बोटी वर ओढल्या की सेबेस्टियन घरी असेल. आई त्याची आहे, बसू दे त्याला रोझरीला. मला एक आठवडा तुझ्या म्हाताऱ्यांमध्ये झोपू दे. प्रार्थनेला उठवू नकोस, चार शहाणपणाच्या गोष्टीही सांगू नकोस. फक्त एक वचन दे, त्यासाठीच हे सगळं लिहिलं. आठवडा संपल्यावर मी परत जायला तयार होणार नाही. मी मला ओळखते. रडेन, तुझे पाय धरेन, आपल्या आईची शपथ घालेन. तू ऐकू नकोस. मला हाताला धरून विरारच्या गाडीत बसव, आणि गाडी हलेपर्यंत स्टेशनवरून जाऊ नकोस.

तुझीच,
व्हेरोनिका