नववी ब ची बाकं

३ जुलै, सोमवार
मोठ्या बाईंनी आज स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत ऐकवलं. घटक चाचणीत नववी ब सुधारली तरच पुढच्या वर्षी दहावीचं गणित माझ्याकडे. नाहीतर विज्ञानाच्या बाईंकडे. त्यांच्या तासाला कार्टी खिदळतात, आणि मोठ्या बाई त्याला 'शिकण्याचं वातावरण' म्हणतात! वातावरण काय असतं ते आता मी दाखवतो.

प्लॅन : मार्कांप्रमाणे बाकं. हुशार पुढे, माझ्या टेबलाला चिकटून. ढ गोळे मागे, खिडकीकडे. दर शनिवारी टेस्ट, सोमवारी बदली. चारचौघांत अपमान झाल्याशिवाय माणूस अभ्यास करत नाही.

१० जुलै
पहिल्या बाकावर माझीच मुलगी! वर्गाला सांगितलं, बघा, शिका काहीतरी. घरी आल्यापासून ती गप्प आहे. अभिमानाने शब्द फुटत नसणार. बायको म्हणते, पोरीला असं सगळ्यांसमोर मिरवू नका. हिला शिक्षणातलं काय कळतं?

१७ जुलै
पुढचे दोन हुशार धाडकन शेवटच्या बाकावर. एकाचं म्हणे टेस्टच्या वेळी पोट दुखत होतं. मागे गेल्या गेल्या बरं झालं, लबाड. उलट मागचा एक ठोंब्या चुकून पास होऊन पुढे आला आणि रडायला लागला. आनंदाश्रू. पद्धत लागू पडतेय.

विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, सर, मागे वारा छान येतो, शिवाय तिथून तुम्ही लांब पडता. खवचट बाई! जळते मेली.

२२ जुलै, शनिवार
आजची टेस्ट सगळ्यांनी पाच मिनिटांत संपवली. काय तो स्पीड! पेपर उद्या तपासतो. आधी दहावीचं वेळापत्रक आखून घेतलं.

२४ जुलै
पेपर तपासले. जवळपास सगळ्यांची सगळी गणितं चूक. बदमाश! मला बुडवायला टपलेत. आज तासभर नुसता ओरडलो. घसा बसला. चाचणीत बघतो एकेकाला.

३१ जुलै
चाचणीचा निकाल. वर्ग साफ झोपला. माझ्या मुलीचा पेपर कोरा.

घरी आल्यावर फैलावर घेतलं. मान खाली घालून म्हणाली, गणितं सगळी येतात. मधल्या सुट्टीत विज्ञानाच्या बाई शिकवतात, अख्ख्या वर्गाला. मग कोरा का दिलास म्हटलं, तर म्हणाली, मला मागे जायचं होतं. शेवटचं बाक भरत आलं होतं, कोरा दिला नसता तर नंबर लागला नसता.

बायको पोरीला हात धरून आत घेऊन गेली.

१ ऑगस्ट
दहावीचं गणित विज्ञानाच्या बाईंकडे गेलं. राजकारण, दुसरं काय!

जेवताना मुलीला सांगितलं. पोरीने ताटात दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मग आईकडे बघत म्हणाली, दहावीत मी पहिल्या बाकावर बसणार.

मला जेवण गेलं नाही.