डिकीतल्या वाळूच्या गोण्या

४ फेब्रुवारी
तर सगळ्यात आधी टपकला तो एलोफच. शेजारी खरा, पण माझी कॉफी उकळली की त्याच्या घरी वास जातो. मागोमाग माझी मार्गरेता, जावई रोलँड आणि नात तूवा. आणि दारात निळी गाडी! माझ्यासाठी! माझी जुनी गाडी, मागच्या चाकांवर चालणारी, डिसेंबरात मेली. ही पुढच्या चाकांवर चालते. रोलँड म्हणाला, आई, हिला अक्कल आहे, घसरायला लागली की स्वतःच एकेका चाकाला ब्रेक लावून सरळ होते. मी म्हटलं, माझ्या नवऱ्याला जन्मभर जमलं नाही ते! सगळे हसले.
हिवाळी सुट्टीत तूवा आठवडाभर माझ्याकडे! पण आधी रोलँड शेजारी बसून माझं ड्रायव्हिंग बघणार. बघू दे की. सेहेचाळीस वर्षं बर्फावर चालवतेय.
संकल्प: गाडीची पुस्तिका वाचणे.

७ फेब्रुवारी
पुस्तिका जाड, अक्षर मुंगीएवढं. सहावीत शाळा सोडली ती काय हे वाचायला? त्यापेक्षा डिकीत वाळूच्या तीन गोण्या टाकल्या. हिल्डिंग, माझा नवरा, दर हिवाळ्यात टाकायचा. गाडी जमिनीला चिकटून राहते म्हणायचा. पाठ त्यापायीच गेली बिचाऱ्याची.

१२ फेब्रुवारी
चर्चच्या चढावर स्टिअरिंगमागे पिवळा दिवा लुकलुकला. त्यात चिमुकली गाडी, मागे दोन नागमोडी रेघा. कित्ती गोड! कौतुक करतेय माझं. एलोफ म्हणतो, अगं सिग्ने, कौतुक कसलं, घसरतेयस तू. जळतो मेला.
तरी आणखी दोन गोण्या टाकल्या. गाडीचं नाक वर झालंय. ऐटबाज दिसते.

१९ फेब्रुवारी, दुपारी ३
ओला बर्फ. पुलाजवळच्या वळणावर स्टिअरिंग फिरवलं, गाडी सरळच. दिवा फडफडतोय, ब्रेकवरच्या पायाखाली खडखड, पुढे नदी. डोळे मिटले. क्षणभरच. उघडले तेव्हा बर्फाच्या ढिगात, कठडा हातभर लांब.
घाबरले वगैरे नाही. कोट गळ्यापर्यंत ओढून बसले ते थंडीनं. हीटर चालू होता, पण थंडी ती थंडीच.
गाडी मागे घेऊन हळूहळू घरी आणली. कोणाला सांगायचं नाही.

२३ फेब्रुवारी
चार दिवस दुकानात चालत जातेय. तब्येतीला चांगलं. डोळा लागला की तेच वळण दिसतं. रात्री चीज खाल्लं की वाईट स्वप्नं पडतात म्हणे. कमी खायला हवं.

२ मार्च
आले सगळे. मी स्टिअरिंगवर, रोलँड शेजारी, मार्गरेता आणि तूवा मागे. पूल दिसला आणि ॲक्सिलरेटरवरचा माझा पाय आपोआप उचलला गेला. गाडी भर रस्त्यात उभी. पुढे जाईना मी. तूवा म्हणाली, आजी, स्टिअरिंग सोड ना, बोटं पांढरी पडलीत तुझी.
रोलँडनं डिकी उघडली. म्हणाला, अहो आई, घर बांधताय का? ओढणारी चाकं पुढे आणि तुम्ही सगळं वजन मागे! पुढचे टायर रस्त्याला धडपणे टेकेनात तर ती अक्कल बिचारी करणार काय? मार्गरेता एकेक गोणी मोजत होती. तेच वाईट. मग मीच सगळं सांगितलं. नदीचंसुद्धा.
किल्ली मार्गरेताच्या पर्समध्ये गेली. तूवाही त्यांच्याबरोबर गेली. तिची गादी मी घालून ठेवली होती.
आता मला घसरणारी गाडी सांभाळायला शिकवतात त्या घसरड्या ट्रॅकवर नेणार, अठरा वर्षांच्या शिकाऊ पोरांत. त्यांनाही कोणी जाणतं माणूस हवंच म्हणा.
शनिवारी, नऊ मार्चला, सकाळी दहाला येतो म्हणालेत.