खुरसापुढचा घरधनी

वेंगुर्ले,
ता. २० मे १९५९

प्रिय वेरू,

आधी नमस्कार, मग कानउघाडणी. माझगावात राहतेस, शाळेत पोरींना शिकवतेस, आणि लिहितेस की यंदा हापूस चाखलासुद्धा नाही! लाज नाही वाटत? धाकटे दीर गुरुदास शनिवारच्या बोटीने मुंबईला निघाले आहेत, त्यांच्याबरोबर देवगडची एक करंडी पाठवते. वरचे आंबे हिरवे आहेत, ते गवतात ठेव. शेजारणींना वाटत बसू नकोस.

आमच्याकडे सगळी खुशाल. ह्यांची बोट मोंबासाला लागली आहे. पत्रात विचारतात, "अजून किती घरं घेणार?" शेजारच्या बायका पाटल्या करतात, मी घरं घेते, यात विचारायचं काय? बंदरावरचं पहिलं घर घेतलं तेव्हा सगळे हसले होते. आज त्यात पोस्टमास्तर राहतात. दुसऱ्यात काजूच्या कारखान्याचे मॅनेजर, तिसऱ्यात हायस्कुलातले दोन मास्तर. बदलीवर येणाऱ्या माणसाला भाड्याचं घर लागतं आणि आपल्या गावात निम्मी जुनी घरं कुलपं लावून पडली आहेत, एवढं तर कुणालाही दिसावं. मी घर बघायला वैशाखात जाते, म्हणजे विहिरीला पाणी किती ते कळतं. वाशांची टोकं नखाने खरवडून पाहते. आणि भाडेकरू ठरवताना साहेबाशी बोलत नाही, त्याच्या बायकोशी बोलते. साहेब सगळ्याला "चालेल" म्हणतात आणि आठ दिवसांनी बाई सांगत येते की चुलीचा धूर जात नाही.

तू विचारलंस, आंतोन शिंपी तुमचं घर नीट ठेवतो ना. घर नीट आहे. कौलं परतून झाली, पुढच्या पडवीला नवे वासे घातले, माडीच्या जिन्याची मोडकी पायरी बदलली. विहीर उपसली. रविवारी अंगणातल्या क्रुसापुढे, तुमच्या त्या खुरसापुढे, लदीनीची गाणी-प्रार्थनाही झाली. मागच्या पत्रात तू लिहिलं होतंस, "घर आंतोनच्या हातात गेलं, आता खुरसाच्या दिव्याची काळजी नाही." ते वाचलं.

इथपर्यंत सकाळी लिहिलं आणि उठले. मास्तरांकडे मोरीची नळी गळते म्हणून बघून आले, काही गळत नव्हतं. आता जेवण आटोपून परत बसले आहे, आणि या वेळी उठणार नाही.

वेरू, तुमचं घर आंतोनने घेतलं नाही. मी घेतलं.

दिवाळीनंतर तुझा भाऊ रोझारियो बोटीवरून रजेवर आला, तेव्हा तो घर विकायला तयारच नव्हता, हे तुला ठाऊक नसेल. ओसरीवर बसून म्हणायचा, "बंद आसा तर बंद आसूंदे." मी चार दिवस त्याच्या मागे लागले. वाळवी दाखवली, दक्षिणेची भिंत दाखवली. भिंत कलली होती हे खरं, पण बोलण्यात मी ती जवळजवळ पाडलीच. शेवटी त्याने तुला लिहिलं आणि तू मुखत्यारपत्र पाठवलंस, एका अटीवर: घर आपल्यातल्या किरिस्तांव माणसाला दे, खुरसाला दिवा लावणारा हवा. मग मी आंतोनला पुढे केलं. पैसे माझे, नाव त्याचं, आणि त्याच्या शिवणयंत्राला मागची पडवी. रोझारियोला बोल लावू नकोस. तो बिचारा दोन दिवस नुसता म्हणत होता, "वेरोनिकाक काय सांगू?" युक्ती सगळी माझी.

तुला एक कार्ड टाकून विचारता आलं असतं. तू नको म्हणाली असतीस, म्हणून टाकलं नाही. दुसरं एखादं बरं कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही.

आणि भाड्यासाठी घेतलं असंही नाही. तुमच्या माडीच्या खिडकीतून बंदरात येणारी बोट दिसायची, आमच्याकडे नुसता भोंगा ऐकू यायचा. तू मला हाक मारून खिडकीशी जागा द्यायचीस, आणि मी तिथे उभी राहून मनातल्या मनात ते घर आमचं करून टाकायचे. आठ वर्षांची होते तेव्हापासून.

कागदपत्रांत मी कुठे चुकले नाही. चुकले ती लदीनीत. पहिली मेणबत्ती घरधन्याने लावायची, मग गाणं सुरू व्हायचं, हे मी जन्मभर कुंपणापलीकडून बघत आले, आणि नेमकं तेच माझ्या ध्यानात आलं नाही. रविवारी दुपारी आंतोन टोपी हातात घेऊन दारात आला. म्हणाला, "बाय, कचेरीत तू सांगलंस थंय सही केलंय. पण खुरसाम्होर घरधनी म्हणान मी उभो रवचंय नाय. थंय माका खोटां करूक जमाचां नाय." मी रागावले, समजावलं, पडवी काढून घेईन म्हणाले. तो म्हणाला, "घे." आणि गेला.

संध्याकाळी सगळे जमले. कोन्सेसांव मावशीने खुरसाला अबोलीचे हार घातले, लदीनीनंतर वाटायचे चणे उकडून तयार होते, आणि पुढे कोणी होईना. सगळे आंतोनकडे बघतात, आंतोन जमिनीकडे. मग मीच उठले. म्हटलं, "ह्यां घर आंतोनान घेवंक नाय. मी घेतलंय."

 मग मावशी म्हणाली, "मगे आमका फसवलंस कित्याक गो?"   आणि काडेपेटी माझ्या हातात देऊन म्हणाली, "आता लाय ती मेणबत्ती. वारो सुटलो."

लावली.  लदीन झाली, पण निम्मी माणसं चणे न घेताच घरी गेली.

आता कोणीतरी तुला लिहीलच. त्याआधी माझं पोचावं म्हणून टपालाने न पाठवता हे पत्र गुरुदासांच्या हाती देते आहे.

आंतोन म्हणतो, नाव खरं करून टाक. वकिलांकडे नवा दस्त लिहून तयार आहे, फक्त घेणाऱ्याच्या नावाची जागा कोरी ठेवायला सांगितली आहे. ते नाव तू कळव. माझं म्हणालीस, तर खुरसाचा दिवा एक दिवस चुकणार नाही. तुझं म्हणालीस, तर तुझं घालीन. मला पैसे सावकाश दे, वर्षं लागली तरी चालतील. मी भांडणार नाही. खोटं कशाला लिहू, थोडी भांडेन. ते घर मला हवं आहे, अजूनही हवं आहे. पण तू कधी वेंगुर्ल्याला उतरलीस, आणि मी पडवीत बसलेली दिसूनही मान फिरवून पुढे गेलीस, तर त्या घरात बसून मी करू काय?

पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायला थोडेच दिवस उरले आहेत. लिहायचं नसेल तर ये आणि तोंडावर बोल. शिव्या द्यायच्या असतील तर मालवणीतच दे, शाळेतली भाषा नको.

तुझी (एवढं तरी अजून लिहू ना?)
सुशीला